ओळंब्याला पॉलिश

मी एक जुना ओळंबा आहे. जुना म्हटलं की लोकांना लगेच कणव येते. मला ती नको. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणतोय तेही रीत आहे म्हणून. तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या घरच्या भिंतीला कधी नीट निरखून पाहिलं असेल, हे मला ठाऊक आहे.

ज्यांनी मला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी म्हणजे दोरीला टांगलेलं लोखंडी वजन, वर गोल आणि खाली निमुळतं. माझी दोरी एका लाकडी ठोकळ्यातून जाते. ठोकळा बरोबर माझ्या पोटाएवढा रुंद असावा लागतो. गवंडी ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला नुसता लागून उभा राहिलो, तर भिंत सरळ. लांब लटकलो किंवा भिंतीवर रेललो, तर वाकडी. मला कुणाची भीड नाही आणि कुणाशी वैरही नाही. निदान तेव्हा नव्हतं.

माझा जन्म लोखंड ओतायच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी एका म्हाताऱ्या उस्ताद गवंड्याकडे गेलो. उस्ताद बोलायला कडू होता, पण त्याची एक सवय सोन्यासारखी होती. रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो मला आणि ठोकळ्याला एका सपाट फरशीवर शेजारी आडवं ठेवायचा आणि दोघांवरून बोट फिरवायचा. बोट कुठे अडलं नाही, की मग पहिली वीट. माझा आताचा मालक त्याच्याच हाताखाली शिकला. उस्तादाने काम सोडलं तेव्हा मला त्याच्या हातात देत सांगितलं, की चहा विसरलास तरी चालेल, पण हे बोट विसरू नकोस.

पुढची वीस वर्षं माझ्या मालकाने ते पाळलं. किती भिंती उभ्या केल्या याची मोजदाद नाही. माझ्या अंगावर सिमेंटचे पापुद्रे चढले, गंज चढला, एकदा चौथ्या मजल्यावरून पडून टोक थोडं बोथट झालं. कौतुक कुणीच केलं नाही. सरळ भिंतीचं कौतुक करतंय कोण? वाकडी असेल तरच ती लोकांना दिसते.

मग तो फोनवरचा ग्रुप आला. नाव काय, तर 'आजचं काम'. घरांची डागडुजी आणि फिनिशिंग करणारे सगळे त्यात. ज्याने त्याने आपलं चालू काम दाखवायचं आणि बाकीच्यांनी अंगठे उंचवायचे. रंगारी भिंतीचा कोरडा कोपरा तेवढा टिपायचा, ओल आलेला कोपरा कधीच नाही. फरशीवाला मधल्या अख्ख्या फरश्या दाखवायचा, कडेचे तुकडे लावायच्या आधी. प्लंबर नळाशेजारी स्वतःच उभा राहायचा, जणू पाणी त्यानेच शोधून काढलं. आणि सगळे एकमेकांना 'एक नंबर'. त्या ग्रुपवर एक ठेकेदार होता. फोटो बघून तो माणसं उचलायचा, म्हणून ही सगळी नटवानटवी.

माझ्या मालकाचा मेहुणा सुतार. तोही त्यात. बायकोचा धाकटा भाऊ, हात सफाईदार, पण जीभ रंध्यापेक्षा धारदार. दोघांचं आधीपासूनच विळ्या-भोपळ्याचं सख्य. मालकाने एकदा ग्रुपवर त्याला 'फळकुटं जोडणारा' म्हटलं होतं. ते मेहुण्याने मनात ठेवलं होतं. घरी मालकाची बायको दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची, म्हणजे भांडी तरी शाबूत राहतील.

एके दिवशी मालकाला वाटलं, आपणही असा फोटो टाकावा की लोकांनी बघत राहावं. हातात जुना ओळंबा, मागे नवी भिंत. पण मी दिसायला कसा? गंजका, खरबरीत, ध्यान! तो मला घेऊन लेथवाल्याकडे गेला. म्हणाला, चांदीसारखा कर. लेथवाल्याने मला फिरवलं आणि माझ्या अंगावरचा गंज काढता काढता अंगच काढलं. गंजाचे खड्डे खोल होते, ते जाईपर्यंत त्याने पातं लावून धरलं. पोटाच्या चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर गेले. मी ओरडलो असतो, पण ओळंब्याला तोंड नसतं. ठोकळा मात्र होता तेवढाच राहिला, कारण तो आधीच छान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने बोट फिरवलं नाही. बोट फोनवर फिरत होतं. माझ्या फोटोला चाळीस अंगठे आले होते, ते तो मोजत होता.

तेव्हा आमचं काम एका मालकीणबाईंच्या घरी चालू होतं. एकट्या राहणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने शांत बाई. स्वयंपाकघर मोठं करायचं म्हणून जुनी भिंत पाडून मागे नवी घालायची होती. तिला लागून छतापर्यंतचं कपाट मेहुणा करणार होता. मालक हातभर भिंत चढवायचा, मला हातभर सोडून बघायचा, पुन्हा हातभर चढवायचा. मी प्रत्येक वेळी भिंतीला लागून शहाण्यासारखा उभा राहायचो. पण मी बारीक झालो होतो आणि ठोकळा जाडच होता. म्हणजे मी लागलो तेव्हा भिंत वरच्या बाजूला कणभर मागे गेलेली असायची. दर हातामागे कणभर, आणि छतापाशी चांगली बोटभर. मित्रांनो, मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो आणि मला ते थांबवता आलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मेहुण्याने कपाट आणून उभं केलं. खाली ते भिंतीला चिकटलं आणि वर बोट जाईल एवढी फट राहिली. त्याने काटकोन बघायचा गुण्या लावला, लेव्हल लावली, कपाट बिनचूक होतं. आता हे त्याने दाजींना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण नाही. त्याने फटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, कपाट सरळ आहे, भिंतीचं भिंतवाल्याला विचारा.

मालकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मला उचललं, ठोकळा भिंतीला टेकवला आणि मला हातभर खाली सोडलं. तेवढ्यातच मी फोटोत ठळक दिसत होतो. मी लागून उभा. चकचकीत. त्याने खाली लिहिलं, नाचता येईना अंगण वाकडं. ग्रुप हसून लोळला. रंगारी हसला, ज्याच्या भिंतीला ओल येते तो. फरशीवाल्याने लिहिलं, ओळंबा कधी खोटं बोलतो का! ते वाचून मला स्वतःच्याच दोरीने फास घ्यावासा वाटला. ठेकेदाराने एका अख्ख्या इमारतीतल्या कपाटांचं काम मेहुण्याला द्यायचं ठरवलं होतं. त्याने तिथेच जाहीर लिहिलं, की आता दुसरा सुतार बघतो. आणि मालकीणबाईंनी मेहुण्याला निरोप धाडला, कपाट काढून न्या.

तो आला. स्क्रू काढायला लागला. मालक शेजारच्या भिंतीला गिलावा करत होता, मुद्दाम शीळ घालत. अर्धे स्क्रू निघाल्यावर मेहुणा थांबला आणि दाजींकडे न बघता म्हणाला, की एकदा वरपासून खालपर्यंत सोडून दाखवा. मालक म्हणाला, साऱ्या जगाला दाखवलंय, तुला वेगळं कशाला? पण दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोडा की. राहायचं मला आहे इथे."

मालक स्टुलावर चढला. ठोकळा छताजवळ टेकवला आणि मला जमिनीपर्यंत सोडलं. मी कुठला उभा राहतोय! थेट भिंतीवर रेललो, दमलेल्या माणसासारखा. मालकाने दोरीला पीळ बसला असेल म्हणून झटकून पाहिली. खिडकी लावायला सांगितली, वारा लागतोय म्हणाला. तीनदा सोडलं आणि तिन्ही वेळा मी रेललो. शेवटी मी मोकळं लटकावं म्हणून त्याला ठोकळा भिंतीपासून बोटभर पुढे धरावा लागला. बरोबर कपाटाच्या फटीएवढा. अंगण खरंच वाकडं होतं.

मेहुण्याने मला हातात घेतलं. मापाला माप बसवणं हाच त्याचा धंदा. त्याने माझ्याकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हा घासला कधी? मेहुण्याने आम्हा दोघांना ओट्याच्या दगडावर शेजारी आडवं ठेवलं आणि दोघांवरून बोट फिरवलं. बोट अडलं. मग त्याने दाजींचा हात धरला, त्यांचं बोट तिथून फिरवलं, आणि तेही अडलं. उस्ताद जाऊन किती वर्षं झाली, पण त्या क्षणी मालकाचा चेहरा नवशिक्यासारखा झाला होता.

"फोटो तुम्ही काढा, दाजी," मेहुणा म्हणाला. "मी काढला तर लोक पुन्हा हसतील."

मालक जागचा हलला नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. मेहुण्याने त्याची वाट पाहिली नाही. पिशवीतून रंधा काढला, ठोकळा उलटसुलट करत त्याच्या चारी बाजूंनी पातळ ढलप्या काढल्या, मधे मधे बोट फिरवत. बोट अडेनासं झालं तेव्हा त्याने माझी दोरी गुंडाळली आणि मला मालकाच्या थापीशेजारी आदळलं.

"आता हा खरं बोलेल. तुमचं तुम्ही बघा."

एवढं बोलून तो जिना उतरून गेला. मालकीणबाईंनी मालकाकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाल्या. मालकाने फोटो काढायला दुपार लावली. पण काढला. छतापासून जमिनीपर्यंत दोरी, आणि भिंतीवर रेललेला मी. खाली लिहिलं, भिंत माझी चुकली, कपाट सरळ आहे. माझ्या चकाकीला चाळीस अंगठे आले होते. याला तीन आले, आणि त्यात मेहुण्याचा नव्हता. इमारतीचं काम तोवर दुसऱ्या सुताराकडे गेलं होतं.

मालकाने ती भिंत फोडून पुन्हा घातली. मेहुणा येऊन कपाट बसवून गेला. फटीत आता कागदसुद्धा जात नाही, आणि त्या दोघांमध्ये शब्दही जात नाही. ताटं अजून वेगवेगळ्या वेळी वाढली जातात. पण रोज सकाळी मालक आम्हाला फरशीवर शेजारी ठेवतो आणि बोट फिरवतो, आणि तेव्हा फोन पिशवीत असतो.

तर मित्रांनो, सांगणं एवढंच आहे. आमची निगा राखा, पण आम्हाला सजवू नका. माझी दोरी तपासा, ठोकळ्याशी माझी जोडी तपासा, गंज फडक्याने पुसा. आणि यापुढे चकचकीत करायला म्हणून मला कुणी उचललंच, तर मी त्याच्या पायावर पडेन. चांगला वरून पडेन. आणि माझी खात्री आहे, अगदी सरळ रेषेत पडेन.