आतलं भरण

आत्याच्या हातात कापूस आला की हात थांबतच नसे. गादी असो, सोफा असो, नाहीतर शेजारच्या बाळाची वीतभर उशी असो, भरायचं तर हात आखडता घ्यायचा नाही हे तिचं ठरलेलं. तीस वर्षं ती आणि तिचा थोरला भाऊ एकाच कारखान्यात काम करत होते. कारखाना म्हणायचं आपलं, एक लांबलचक खोलीच ती. खिडकीकडे दादाचं लाकूडकाम, दाराकडे आत्याचं भरणकाम, आणि मधल्या जागेत भांडण. सांगाडा दादा घडवणार, भरणार आत्या, आणि कौतुक सगळं लाकडाचं. आतलं भरण कुणाला दिसतंय? आत्याचा जीव तिथे जळायचा. गिऱ्हाइकासमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून ते सगळं दादाला ऐकावं लागे.

दादाची लेक गिटार वाजवायची. आता ती बापापेक्षा दोन बोटं उंच झाली होती, तरी घरात तिचं नाव बारकीच. बारकी वाजवायला बसली की आत्या सुई खाली ठेवायची. सुरातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण भाचीचा चेहरा कळत होता, आणि तो चेहरा तसाच राहावा म्हणून ती काय वाटेल ते करायला तयार होती.

तर झालं असं, की शहरातल्या एका नावाजलेल्या बँडमधली गिटारची जागा रिकामी झाली. हा बँड चालवायच्या ड्रमवाल्या बाई. पन्नाशीच्या, दिवसा शाळेत भूमिती शिकवणाऱ्या, आणि बोलणंही पट्टीनं आखल्यासारखं. त्यांनी बारकीला एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "हात चांगला आहे. आवाज वाईट आहे. तो डबा घरी ठेव आणि रविवारी अकराला नीट आवाज घेऊन ये. अजून एकाला ऐकणार आहे. दोघांतलं एकच घेणार."

डबा म्हणजे बारकीचा जुना, टिफिनएवढा स्पीकर. पोरगी घरी आली ती तोंड एवढंसं करून.

"तीन वर्षं मी याच बँडची वाट बघतेय, आत्या. पुन्हा कधी जागा निघणार?"

"रडतेस कशाला? आपल्या घरात सुतार आहे ना!" आत्या म्हणाली. दादाचं कौतुक तिनं तोंडानं केलं ते त्या वर्षातलं पहिलं आणि शेवटचं.

आवाज वाढवणारा ॲम्प बारकीकडे होता, चांगला बारा इंची स्पीकरही तिनं मैत्रिणीकडून मिळवला. खोकं तेवढं नव्हतं. दादानं चांगलं जाड प्लायवूड काढलं, कोपरे खाचांत खाचा घालून असे बसवले की केस जाणार नाही, मागची फळी दहा स्क्रूंनी आवळली. तीन दिवस गडी खोक्यातच होता.

"आत मी भरणार," आत्यानं जाहीर केलं.

"स्पीकर आहे तो. त्याला काय झोपवायचंय?"

"बाबा, घालतात आत काहीतरी," बारकी म्हणाली. "स्पीकरच्या मागून निघालेला आवाज आतल्या भिंतींवर आपटून परत येतो. तो शोषून घ्यायला."

घालतात, एवढंच आत्यानं ऐकलं. किती घालतात, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. गुरुवारी सकाळी कुणी उठायच्या आत तिनं नवा पिंजलेला कापूस घेतला, चार किलो, आणि खोक्याचा कानाकोपरा भरून काढला. वर कापड ताणून टाके घातले. लग्नातल्या गादीला घालणार नाही असे एकसारखे टाके! जन्मात इतकं देखणं काम केलं नव्हतं तिनं.

बारकीनं तार छेडली. उशीत तोंड खुपसून कुणी गावं तसं काहीतरी बाहेर आलं. पुन्हा छेडली. तेच.

"मऊ वाटतंय ग, आत्या," बारकी म्हणाली. पोरगी गुणाची.

दादाला मात्र इतकं हसू लोटलं की त्याला चष्मा काढून ठेवावा लागला. "गाढ झोपलाय ग! हळू बोला, उठेल!"

मग काढाकाढी सुरू झाली. अर्धा किलो काढला, बरं वाटलं. किलोभर काढला, आणखी बरं वाटलं. काढता काढता संध्याकाळपर्यंत खोकं आतून चकचकीत रिकामं झालं, आणि आवाज असा मोकळा सुटला की बारकी जागच्या जागी नाचली.

"बघ!" दादानं मांडीवर थाप मारली. "शेवटी लाकूडच बोलतं. रविवारी कापसाचं बोंडसुद्धा बरोबर घ्यायचं नाही, सांगून ठेवतो."

काढलेला कापूस गोळा करताना आत्याला रडू आलं. खोटं कशाला सांगा? आपण आयुष्यभर जे केलं ते पोरीच्या कामाला आलं नाही, हे तिला फार लागलं. पण पोरगी नाचत होती ना, मग झालं तर.

रविवारी तिघं साडेदहालाच सरावाच्या हॉलवर पोचली. हॉल म्हणजे गुळगुळीत फरशी, उंच छत, एका बाजूला ओळीनं काचेच्या खिडक्या, आणि औषधाला एक पडदा नाही. आधीच्या उमेदवाराचं वाजवून झालं होतं. ड्रमवाल्या बाई बाकीच्यांना घेऊन चहाला निघाल्या होत्या. "अकराला येतो. तोवर लावून घ्या," म्हणाल्या आणि गेल्या.

बारकीनं वायरी जोडल्या आणि वाजवलं. देवा रे! पाण्याच्या पिंपात डोकं घालून ओरडावं तसा आवाज आला. एक सूर संपायच्या आत त्याचा घोगरा भाऊ मागून येत होता, आणि दोघं मिळून तिसऱ्याच्या अंगावर पडत होते.

"वायर सैल असेल," दादा म्हणाला. वायर घट्ट होती.

"गुरुवारी तर..." बारकीच्या डोळ्यांत पाणी जमलं. "आत्या, हाच का तो आवाज?"

लाकूड बोलतंय की रे दादा, ऐक काय म्हणतंय ते! हे वाक्य आत्याच्या जिभेवर अगदी तयार होतं. अशी संधी तीस वर्षांत आली नव्हती. पण भाचीचा चेहरा बघितला आणि तिनं ते गिळलं.

"चला, चला, शोधा काहीतरी!" दादानं घाबरून टाळी वाजवली. टाळी छतापर्यंत गेली, खिडक्यांवर खणखणली आणि परत आली.

"पुन्हा वाजव," आत्या म्हणाली.

"काय?"

"टाळी, टाळी वाजव!"

त्यानं वाजवली. हॉल पुन्हा खणखणला.

"आपल्या कारखान्यात वाजते का रे अशी?"

"तिथं... नाही वाजत."

"कशी वाजेल? छतापर्यंत कापसाचे गठ्ठे, फोमच्या चवडी, वर उघडेबोडके वीस सोफे! अख्खी खोलीच भरलेली आपली. खोक्यातला सगळा गोंगाट ती खोली पिऊन टाकत होती, आणि आपण शहाणे तिथं बसून ठरवतोय, आत काही नको म्हणून!"

दादानं कपाळावर हात मारला. आत भरण हवं होतं, आणि आता जवळ कापसाचं बोंडसुद्धा नव्हतं. घ्यायचं नाही म्हणून कोणी बजावलं होतं, हे त्याला सांगायची गरज पडली नाही.

अकराला वीस मिनिटं होती. आत्यानं हॉलभर नजर फिरवली. प्लास्टिकच्या खुर्च्या. लोखंडी स्टँड. आणि ड्रमच्या मागे एक जुनी बुटकी खुर्ची, बसायला रेक्झिनचं सीट. आत्या गेली, अंगठा दाबला आणि तिचा चेहरा उजळला. "फेल्ट आहे ग आत! दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, तीन थर!"

"आत्या, ती बाईंची खुर्ची आहे!"

"बाई चहाला गेल्यात. खुर्ची इथेच आहे." आणि बारकी हां हां म्हणेपर्यंत आत्याच्या पर्समधली कात्री सीटच्या खालच्या शिवणीत शिरलीसुद्धा. ज्या बाईनं आपली निवड करायची तिचीच खुर्ची उसवायची, हे भलतं धाडस होतं. पण आत्याला त्या क्षणी फक्त फेल्ट दिसत होतं.

"आता एकच तार वाजव, ती जाडी तार," तिनं बारकीला सांगितलं, आणि खोक्याच्या चारी अंगांना तळवे लावून पाहिलं. मागची फळी सगळ्यात जास्त थरथरत होती. स्पीकरच्या थेट पाठीमागचीच ती. दादानं दहा स्क्रू काढले. आत्यानं फळीवर एक थर ताणून बसवला, पर्समधल्या डबीतले बारीक खिळे मारले. दादानं फळी लावली. बारकीनं वाजवलं. घोगरा भाऊ निम्मा पळाला होता!

"उजवीकडे अजून कुरकुरतंय," बारकी म्हणाली. पुन्हा दहा स्क्रू. दुसरा थर उजव्या भिंतीला. पुन्हा दहा स्क्रू. दादाच्या हाताला घाम सुटला होता.

"तिसराही घाल," तो म्हणाला. "घाल ग! उगाच कशाला कमी पडायला हवं?"

तिसरा थर आत्याच्या हातातच होता, आणि हात खोक्याकडे निघालाच होता. तीस वर्षांची सवय ती, एका रविवारी कशी जाणार? पण बारकी वाजवत होती आणि आत्या ऐकत होती. जाडी तार गोल, भरीव येत होती. बारीक तारा सुट्या सुट्या, मोकळ्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला नुसता चेहरा न बघता कानानं कळलं.

"नको," ती म्हणाली. "हा घातला तर पुन्हा गुरुवार होईल."

उरलेला थर तिनं खुर्चीत सरकवला, वर रेक्झिन ओढलं, चार मोठे टाके घातले. शेवटची गाठ मारते न मारते तोच दार उघडलं.

ड्रमवाल्या बाई येऊन आपल्या जागी बसल्या. बसल्या आणि किंचित दचकल्या. सीटकडे पाहिलं, मग तिघांकडे पाहिलं. दादा छताचं निरीक्षण करत होता.

"वाजव," बाई म्हणाल्या.

बारकीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. काय वाजवलं पोरीनं! सूर खोक्यातून निघून थेट समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेल्यासारखे वाटत होते, एकही अडखळला नाही. तिसऱ्या ओळीला बाईंनी काठ्या उचलल्या. बासवाला हसत हसत सामील झाला, मग पेटीवाला, मग सगळेच. दादाचा पाय फरशीवर ताल धरू लागला, आणि तोही बेतालच. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसायचं विसरली होती. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

वाजवणं थांबलं. बाई उठल्या, कमरेवर हात ठेवून.

"खुर्चीतलं कुणी काढलं?"

बारकीनं गिटार छातीशी धरली.

"मी," आत्या पुढे झाली. "पोरीला काही बोलू नका. दोन थर काढले. एक खोक्याच्या पाठीला लावला, एक उजवीकडे."

"तीन होते."

"तिसरा तुमच्याच खुर्चीत आहे. तो घातला असता तर आवाज बसला असता."

बाई खोक्याला वळसा घालून मागे गेल्या. काठीनं फळीवर टकटक केलं, कान लावला, उजव्या बाजूला टकटक केलं. बराच वेळ लावला त्यांनी.

"सराव मंगळवारी असतो," बाई म्हणाल्या. "मुलीबरोबर तुम्हीही या. खुर्ची भरून द्यायला."

मंगळवार, सराव, मुलीबरोबर. बारकीच्या डोक्यात हे तीन शब्द एकमेकांना चिकटायला क्षणभर लागला, आणि मग तिनं अशी किंकाळी फोडली की खिडक्या पुन्हा खणखणल्या. गिटारीसकट ती आत्याच्या गळ्यात पडली.

"अग, मोडशील!" आत्या ओरडली. मग बाईंकडे बघून तिनं घाबरत घाबरत विचारलं, "खोक्यातले दोन थर काढून परत घालू का?"

"त्यांना हात लावायचा नाही. खुर्चीत दुसरं घाला."

"किती घालू?" आत्यानं विचारलं. तीस वर्षांत तिनं हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. दादानं चमकून बहिणीकडे पाहिलं.

"हवं तेवढं घाला हो," ड्रमवाल्या बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "बसायचंय मला तिच्यावर, वाजवायची नाहीये ती."