द्वारकाबाईंचा गळा

द्वारकाबाईंच्या गळ्यात काहीतरी बिघडलंय, हे सगळ्यात आधी कळलं नवाबभाईंना. ते नाटक कंपनीचे पेटीमास्तर. बाई वरच्या सुरावर जायच्या आधी क्षणभर थबकू लागल्या, तेव्हाच त्यांनी ओळखलं. बाई काळी पाचमध्ये गायच्या. एका खेळाला त्यांनी गुपचूप पट्टी उतरवून काळी चार धरली, आणि काही महिन्यांनी काळी तीन.

बाईंना काय कळत नव्हतं? पण गाणं सोपं जायला लागलं होतं, आणि सोपं जातंय तोवर विचारायचं कशाला?

बाई मूळच्या फर्दापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. लहानपणीच लग्न झालं आणि नवरा तापानं गेला. पुढं भावाबरोबर सिल्लोडला गेल्या असताना काकासाहेबांच्या कंपनीचं नाटक पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाऊ कापसाच्या गाडीपाशी असताना ही पोर एकटीच तंबूत गेली, ती परत फिरलीच नाही. घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. काकासाहेबांनी तिला रंगभूमीवर उभं केलं आणि नवाबभाईंनी गायला शिकवलं. पोलीस ॲक्शननं निजामाचं राज्य गेल्यावर मुसलमानांच्या जिवावर बेतलेल्या दिवसांत कंपनी औरंगाबादेत अडकून पडली, तेव्हा बाईंनी नवाबभाईंच्या बायकोला, शमशादला, आपल्या राहुटीत ठेवून घेतलं. तिच्या कपाळी कुंकू लावलं आणि विचारायला येणाऱ्यांना दारातूनच सांगितलं, "माझी धाकटी भैन हाय. बाळंतपणाला आलीय. आत यायचं नाय."

त्यानंतरची वर्षं बाईंची होती. अरण्यात टाकून दिलेल्या दमयंतीचं विलापाचं पद त्या म्हणायच्या, तेव्हा तंबूत पदराचं टोक डोळ्याला न लावलेली बाई सापडायची नाही.

आता मात्र गिळताना दुखायचं. बाईंनी ज्येष्ठमध चघळला, हकिमाची चाटणं चाटली, देवीला नवस बोलल्या, दर्ग्यावर चादर चढवली. शेवटी शमशाद त्यांना ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी मान चाचपली.

"गाठ मोठी आहे. काढावी लागेल."

"मंग गाता येईल न्हवं?"

डॉक्टरांनी हात धुतले, पुसले. "आवाजाची नस तिला चिकटलेली दिसते. आवाज राहीलच असं नाही सांगत. पण गाठ राहिली, तर एक दिवस श्वास कोंडेल."

"आवाज गेल्यावर श्वास घिऊन काय करू?" असं म्हणून बाई उठल्या.

इकडं बाईंच्या गळ्याचं काकासाहेबांच्या कानावर गेलंच. ते वाईट माणूस नव्हते, पण टॉकीजच्या रेट्यात कंपनी टिकवता टिकवता त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्यांनी जळगावकडून सरू नावाची एक मुलगी आणली. "तुमच्या हाताखाली शिकेल, बाई," म्हणाले. बाईंनी त्या पोरीचा आवाज एकदाच ऐकला. स्वच्छ, न दमणारा. त्या दिवशी बाईंना घास गेला नाही.

औरंगाबादेत छावणी भागात बायकांसाठी खास दुपारचा खेळ लागला. तंबू गच्च भरला होता. तिसऱ्या अंकाआधी बाईंनी विंगेत पाहिलं, तर सरू दमयंतीसारखंच पांढरं लुगडं नेसून उभी.

"तू का गं नटलीस?"

पोरीनं मान खाली घातली. "मालक म्हणले, तयार राहा."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या तशाच पडद्याच्या कडेला गेल्या आणि वाकून नवाबभाईंना म्हणाल्या, "काळी पाच धरा."

नवाबभाईंनी पेटीवरचे हात उचलले. "बाई, ऐका. आज नको."

"मला म्हाईत हाय तुम्ही काय करत आलात ते. आज माझं मला गाऊ द्या. काळी पाच."

त्यांनी काळी पाच धरली. धरली नसती तर, हा विचार त्यांना पुढं जन्मभर पुरला.

पहिली ओळ बाईंनी जुन्या ताकदीनं म्हटली. बायका सावरून बसल्या. दुसऱ्या ओळीला सूर चढला आणि चढता चढताच फाटला. आत कुणी फडकं फाडावं तसा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. बाईंचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पण बाहेर येत होती ती नुसती हवा. नवाबभाईंनी पेटी जोरात वाजवून ते झाकायचा प्रयत्न केला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. तेवढ्यात विंगेतून सरूचा आवाज आला, नेमका त्याच सुरावर. पद पुढं चाललं. बायकांना वाटलं, असंच बसवलंय. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई तोंड हलवत उभ्या राहिल्या. पद संपलं, त्या आत आल्या आणि कोसळल्या. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी चालली होती.

त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं आणि गाठ काढली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी शमशादला हाक मारली. शमशाद उशाशीच बसली होती, तिला ती ऐकू आली नाही.

टाके ओले होते तेव्हाच कळलं, कंपनी जळगावला निघाली. बाई अंगावर शाल घेऊन टांग्यानं मैदानावर पोचल्या. तंबू उतरला होता. ट्रकमध्ये पडदे, पेट्या, राजाचं सिंहासन, सगळं रचून झालं होतं आणि इंजिन धडधडत होतं. बाईंनी काकासाहेबांची बाही धरली.

"मला न्या. गायला नगं. पोरींच्या वेण्या घालीन, लुगडी धुईन. मला इथं टाकू नगा."

काकासाहेबांनी कानामागं हात धरला. "काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला, बाई."

बाई पुन्हा बोलल्या. जीव एकवटून बोलल्या. मानेवरची पट्टी लाल झाली. इंजिनापुढं त्यांचं कुजबुजणं कुठं पोचणार?

"बऱ्या व्हा, मग पाहू," काकासाहेब त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले आणि पुढं जाऊन बसले. बाई काय म्हणाल्या, ते त्यांना ऐकूच आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. सरू खाली उतरली, पाया पडली आणि रडत परत चढली.

नवाबभाई पेटी घेऊन बाजूला उभे होते. "मी नाही जात. तुमच्याशिवाय कुणाला साथ करू?"

बाईंनी त्यांना जवळ बोलावलं, अगदी कानाशी. "घरात लेकरं हायत तुमच्या. जावा. आन् त्या पोरीची पट्टी खाली आणू नगा. तिला जितकं वर जायचं तितकं जाऊ द्या."

ट्रक गेला. रिकाम्या मैदानात बाई बराच वेळ बसून राहिल्या. माहेर नाही, सासर नाही, कंपनी नाही. तिथून शमशादनं त्यांना हाताला धरून छावणीतल्या आपल्या दोन खोल्यांत नेलं. "घर तुम्हाराइच है. कायकू रोते?" म्हणाली आणि स्वतःच रडू लागली.

पुढं शमशादच्या भावानं, मजीदनं, एका टॉकीजमध्ये शब्द टाकला. बायकांच्या दाराशी तिकिटं फाडायचं काम मिळालं. त्याला आवाज लागत नव्हता. गळ्याची खूण झाकायला बाई पदर घट्ट ओढून घ्यायच्या. आत गाणं सुरू झालं की दार लोटून बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहायच्या.

काही वर्षांनी एका दुपारी सिल्लोडकडची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. पायऱ्यांवर दम खात सुनेला सांगू लागली, "ह्या शिनेमात काय नाय बघ. नाटक असावं तर द्वारकाबाईचं. लई रडवायची बया. जित्ती हाय का मेली, कुणास ठावं."

इतक्या वर्षांत ते नाव कुणी घेतलं नव्हतं. बाईंचा हात तिकिटावरच राहिला. त्या पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "जित्ती हाय. मीच ती."

म्हातारीनं तो खरखरता, पोकळ आवाज ऐकला. बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि तिचा चेहरा कडू झाला.

"असं थट्टंवारी बोलू नाय, बाई. म्या तिला ऐकलंय. देवानं तिच्या गळ्यात काय ठिवलं व्हतं, तुला काय ठावं?"

सून ओशाळली. "चला हो, आत्याबाई." दोघी आत गेल्या.

संध्याकाळी बाई घरी आल्या. शमशाद कणीक मळत होती. तिनं मान वर केली.

"आँखें लाल कायकू हैं?"

"धूर."

"चूल तो मैं अभी जलाईच नहीं."

बाई तिच्याजवळ भिंतीला टेकून बसल्या आणि दुपारचं सगळं सांगू लागल्या. नीट ऐकू यावं म्हणून शमशादनं पिठाचे हात तसेच ठेवून कान त्यांच्या तोंडाशी नेला. सांगता सांगता बाई त्या म्हातारीवरून छावणीतल्या खेळावर गेल्या, तिथून सिल्लोडच्या तंबूवर. लेकरं जेवायला मागायला आली, तेव्हा शमशादनं त्यांना हातानंच गप्प केलं आणि कान तसाच धरून बसली.