मालकांना ऐकू न आलेली शिट्टी

मी काचवाल्यांच्या गाडीतलं इंजिन बोलतोय. व्याकरणाने मला 'ते इंजिन' करून ठेवलंय, तेव्हा खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं. पण चार लाख किलोमीटर ओढल्यावर एवढी चैन मला करू द्या.

आधी माझी मापं सांगतो, आमच्यात ओळख अशीच करून देतात. दोन लिटर, चार सिलिंडर, टर्बो डिझेल, एकशे तीस हॉर्सपॉवर. ताकद घोड्यांत मोजायचं कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, मी तरी अजून एकही घोडा जवळून पाहिलेला नाही. टर्बो म्हणजे शंखासारख्या डबीत बसवलेली छोटी पंखी. मी जो धूर बाहेर टाकतो, त्याच्याच जोरावर ती फिरते आणि माझ्या पोटात जास्तीची हवा कोंबते. कंपनीच्या माहितीपत्रकात माझ्याबद्दल 'भरवशाचा साथीदार' असं छापलं होतं. लग्नाच्या स्थळाबद्दल लिहितात तसं.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. माझ्या जातीच्या पहिल्या इंजिनांना कारखान्यात महिनोनमहिने जागच्या जागी पळवलं, गोठवलं, तापवलं. ती टिकली म्हणून मी जन्माला आलो. मला स्वतःला मात्र जेमतेम काही मिनिटं चालवलं, 'हं' म्हणाले आणि एका पांढऱ्या व्हॅनच्या नाकात बसवून टाकलं.

व्हॅन घेतली काचवाल्यांनी. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची दारं असा त्यांचा धंदा. शेजारच्या सीटवर मापांची वही मांडीवर घेऊन त्यांची बायको. गॅरेजमधली मेकॅनिक त्यांना काका-काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

काकांनी मला फार चांगलं वागवलं, हे कबूल करायलाच हवं. दर पंधरा हजार किलोमीटरना ऑइल बदलणार म्हणजे बदलणार. लांबून पळत आलो की टर्बो तापलेला असतो, म्हणून मला लगेच बंद न करता मिनिटभर तसंच चालू ठेवणार. तेवढ्या वेळात काकूंच्या तीन सूचना सांगून होतात. आणि काकांचे कान असे तयार, की बॉनेट न उघडता सांगायचे, "फिल्टर चोंदलाय." बहुतेक वेळा खरं निघायचं. एकदा त्यांनी माझा दोष काढला आणि खरखर रेडिओची निघाली, पण तो विषय आम्ही काढत नाही.

दीड-दोन महिन्यांपूर्वी, टर्बोकडून माझ्याकडे हवा आणणाऱ्या रबरी नळीला चीर पडली. पापणीच्या केसाएवढी. हवा तिथून निसटायला लागली आणि चढ आला की मी शिट्टी वाजवायला लागलो. जोर कमी, धूर काळा. दुखणं साधंच होतं, नळी बदलली की झालं. मी पंधरा दिवस शिट्टी वाजवून तेच सांगत होतो.

काकू म्हणाल्या, "अहो, हे काहीतरी शिट्टी वाजवतंय."

"कुठे? वारा असेल."

"खिडकी बंद आहे."

"मग शेजारच्या गाडीचं असेल."

शेजारी गाडीच नव्हती. सगळा रस्ता आमचाच होता.

पुढे एका पुलाच्या चढावर एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका स्टिअरिंग थोपटत म्हणाले, "म्हातारं झालं इंजिन. विकून टाकू गाडी. आणि गाडीबरोबर धंदाही बंद करू."

माझं सोडा, जुनी इंजिनं काढतातच. पण पस्तीस वर्षं काच कापणारा माणूस असा अचानक दुकान बंद करायचं म्हणतो? काकूंनी खोदून खोदून विचारलं, तर म्हणे कंटाळा आला. खोटं बोलायची वेळ आली की काका गाडीचा आरसा नीट करतात. त्या दिवशी त्यांनी तिन्ही आरसे नीट केले.

विकण्याआधी तपासणी म्हणून मला गॅरेजमध्ये नेलं. मेकॅनिक वयाने लहान, हाताने पक्की. काकूंनी तिला आधीच शिट्टीचं सांगितलं होतं. तिने बॉनेट उघडलं आणि म्हणाली, "काका, तुम्हीच ऐकून सांगा. तुमच्यासारखे कान आमच्याकडे कुणाचे नाहीत."

काका वाकले. तिने रेस देऊन माझे फेरे वाढवले आणि मी जीव तोडून शिट्टी वाजवली. काकूंनी कानांवर हात ठेवले. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"चांगलं धडधडतंय की," काका म्हणाले. "दमलंय, एवढंच."

मेकॅनिकने काकांचा हात धरून नळीवर नेला. चिरेतली हवा त्यांच्या बोटांना लागली. "काका, शिट्टी इथे वाजतेय. पार फाटकापर्यंत ऐकू जातेय."

काका बोट तिथेच ठेवून, खाली बघत म्हणाले, "काच कापताना कटर बारीक सर्र करतो. तो आवाज आला की समजायचं, रेघ बरोबर पडली. सहा महिने झाले, तो येतच नाही. म्हणून मी जास्त दाबतो आणि काच भलतीकडेच तडकते. मला वाटलं, हात गेला माझा."

"मला का नाही सांगितलंत?" काकू म्हणाल्या.

"काय सांगू? हातच गेला, तर मी उरलो काय?"

मेकॅनिक म्हणाली, "हात शाबूत आहे हो. तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. माझ्या वडिलांचंही असंच होतं. आता कानात मशीन घालतात आणि शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा ऐकतात."

माझी नळी अर्ध्या तासात बदलली. काकांच्या कानाला तीन आठवडे लागले, कारण आधी त्यांना पटायचं होतं. माणसांचं हे असंच. धोक्याचा दिवा लागला तर म्हणतात, दिवाच बिघडलाय. तुमच्याही घरात कुणी 'तुम्ही सगळे पुटपुटता' म्हणून चिडत असेल, तर भांडत बसू नका, कान तपासून आणा. आवाजाबद्दल एवढं बोलायचा डिझेल इंजिनाला हक्क आहे.

परवा काका मशीन घालून दुकानात गेले. मी बाहेर उभा होतो. आतून सर्र आवाज आला, मग काच सरळ मोडल्याचा 'कट्' आवाज, आणि मग काकांचं एक लांब 'हं'. ती काच गाडीवर चढवून ते आत बसले, मला चालू केलं आणि दचकले.

"हे एवढं खडखडतं?"

मी जरा दुखावलो. पण गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही, म्हणून सोडून दिलं.

सिग्नलला थांबलो. काकू खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या, "एक नंबरचा हट्टी माणूस." गेले कित्येक महिने त्या अशा मोकळेपणाने बोलत आल्या होत्या आणि ऐकणारा मी एकटाच होतो.

"ऐकू आलं," काका म्हणाले.

काकू तोंड खिडकीकडेच ठेवून, आणखी हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरले होते हो मी. तुम्ही काही सांगतच नव्हता."

सिग्नल हिरवा झाला. काकांनी गिअर टाकला नाही.

"हेही ऐकू आलं," ते म्हणाले. "पण पुन्हा म्हण."

मागच्या टेम्पोने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्याने. काकूंनी काकांकडे वळून ते पुन्हा म्हटलं, आणि मगच आम्ही निघालो.