तिसरा पाईप

गाडीतून ठक-ठक आवाज यायला लागला तो मार्गासनी सोडल्यावर, पहिल्या चढाला. साहेबराव, म्हणजे आमचे हे, मला म्हणाले, बोलू नकोस, ऐकू दे. लग्न झाल्यापासून मला गप्प बसवायला ते निमित्तच शोधत होते. इंजिनाने आयतं दिलं.

आठवड्यातून दोनदा आम्ही गुंजवण्याहून भोरला जातो. माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात, तिथे यंत्रावर रक्त धुतात. एसटीने जाऊन पाहिलं. येताना नसरापूरच्या स्टँडवर मी आडवी झाले, भोवती लोक जमले, तेव्हापासून यांनी एसटीचं नाव काढलं नाही. भाड्याची गाडी एखाद्या वेळी मिळते, जन्मभर कोण देणार? म्हणजे आमची जुनी डिझेल जीप आहे तोवर ते यंत्र, आणि यंत्र आहे तोवर मी.

हे आवाजाच्या मागे हात धुऊन लागले. आधी मागचा जॅक गोणपाटात गुंडाळला. मग सायलेन्सर तारेने आवळला. मग स्टेपनी. दर वेळी म्हणायचे, सापडलं गं. पुढच्या चढाला ठक-ठक हजर. मीही कमी नाही. मी कधी म्हणायचे दार वाजतंय, कधी म्हणायचे सीटखाली पाना राहिलाय. खरं तर मला पहिल्या काही दिवसांतच कळलं होतं. पाय सुजलेले असले तरी तळव्यांना समजतं. आवाज इंजिनाच्या पोटातून येत होता. पण इंजिन उघडलं की जीप महिनाभर गॅरेजात, आणि महिनाभर मी काही थांबू शकत नाही. म्हणून दारावर ढकलायचं.

परवा आवाज इतका वाढला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. कापूरहोळला भोरकडे न वळता यांनी गाडी सरळ किकवीला, गेनू मेस्त्रीकडे नेली. गेनूने बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरचा डिझेलचा पाईप ढिला करायला लागला. ज्याचं डिझेल तोडल्यावर आवाज दबेल, दोष त्याच्या खाली. पहिला सोडला, ठक-ठक तशीच. दुसरा सोडला, तशीच. तिसऱ्याला पाना लावायच्या आधीच यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

आवाज दबला. या माणसालाही सगळं आधीपासून ठाऊक होतं. जॅक, सायलेन्सर, स्टेपनी, सगळं माझ्यासाठी चाललं होतं, आणि मी यांच्यासाठी दाराला दोष देत होते. मला राग आला, आणि तितकीच मायाही आली.

गेनू म्हणाला, खालचं बेअरिंग गेलंय, गाडी इथेच सोडा, इंजिन उतरवावं लागेल. सामान कधी मिळेल ते विचारू नका, असल्या गाड्या निघायच्या बंद होऊन जमाना झाला.

यांनी एवढंच विचारलं, "भोरपतोर पोचंल का?"

"पोचंल," गेनू म्हणाला. "माघारी येईल असं म्या सांगत न्हाई."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसले. हेही बसले. किकवीतून बाहेर पडताना ठक-ठक पुन्हा सुरू झाली.

"आता बोललीस तरी चालंल," हे म्हणाले. "हुडकायचं काय ऱ्हायलं न्हाई."

मी म्हटलं, दार वाजतंय.