वरचा खरा, खालचा खोटा

तेजस्विनी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सौंसरला घरी आली, तेव्हा तिच्या डाव्या भुवईवर टाक्यांची ताजी खूण होती. दोन वर्षांपासून ती सर्बियातल्या एका छोट्या गावाच्या क्लबसाठी गोलकीपर म्हणून खेळत होती. सुट्टीआधीच्या सामन्यात समोरच्या खेळाडूचा गुडघा तिच्या डोक्यावर बसला होता. "टाके निघाले, आता काही नाही," एवढंच तिनं घरी सांगितलं.

सांगितलं नव्हतं ते वेगळंच होतं. त्या दिवसापासून खाली पाहिलं की तिला एका वस्तूच्या दोन दिसत, एकीवर एक. पायऱ्या दोन, ताटातली वाटी दोन, चेंडू दोन. तिथल्या खोलीत जमिनीवर चेंडू घरंगळवून तिनं स्वतःपुरता नियम शोधून काढला होता: वरचा खरा, खालचा खोटा. नऊ जानेवारीला क्लबची वैद्यकीय तपासणी होती आणि त्यानंतर नव्या करारावर सही. गुडघे बघतात, हृदय बघतात, रक्त घेतात. डोळ्यांना कसं दिसतं हे आपण सांगितल्याशिवाय कोणी विचारत नाही.

तिचे वडील श्रीकांत शाळेत पी.टी. शिकवायचे, आता निवृत्त झाले होते. मैदानावर दोन विटा ठेवून, त्यांच्यामध्ये तिला उभं करून, झेप घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते तिला मैदानावर घेऊन गेले. त्यांनी उजव्या कोपऱ्यात जमिनीलगत दहा चेंडू मारले. चार तिच्या हाताखालून गेले. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, अकरावा चेंडू उचलून वर मारला, आणि मग घरी निघेपर्यंत सगळेच वर मारले. बोलले काही नाहीत.

आईनं, रजनीनं, मात्र विचारलं. तेजस्विनी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती आणि प्रत्येक पायरी आधी पायानं चाचपत होती. रजनी खाली उभी राहून पाहत होती.

"काय होऊन राहिलं तुले?"

"काही नाही आई. कपड्यानं दिसत नव्हतं."

"काल कपडे नव्हते हातात."

तेजस्विनी शेवटच्या पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ऐकून झाल्यावर रजनी म्हणाली, "उद्या नागपूरले जाऊ. डॉक्टरले दाखवू."

"डॉक्टर कागदावर लिहून देईन, आई. मंग मले तिथं लपवता येणार नाही. आता सव्वीस वर्षांची आहो मी. हा करार गेला त दुसरा कोण देते? आपोआप बरं होऊन राहिलं. पहिल्यापेक्षा कमी आहे."

"खरंच कमी आहे?"

तेजस्विनीनं कपड्यांची घडी घालायला घेतली. "बाबाले नको सांगू," ती म्हणाली.

दोन जानेवारीला पांढुर्ण्याला मुलींचा प्रदर्शनी सामना ठेवला होता, तोही तेजस्विनी येणार म्हणून. श्रीकांतनी महिनाभर आधीच होकार देऊन ठेवला होता. रजनीनं सकाळी तेजस्विनी आजारी असल्याचं कळवायला सांगितलं, तेव्हा ते बुटांच्या लेस बांधत म्हणाले, "एवढे लोकं येऊन राहिले. साधी मॅच आहे. एक घंट्याची गोष्ट." रजनी त्यांच्याबरोबर गाडीत बसली नाही.

मैदानाच्या चारही बाजूंनी माणसं होती. एका संघात पांढुर्ण्याच्या मुली, दुसऱ्यात सौंसर, लोधीखेडा, रामाकोन्याच्या. तेजस्विनी पाहुणी म्हणून पांढुर्ण्याकडून गोलात उभी राहिली. समोरच्या संघात पुढच्या फळीत रामाकोन्याची चंचल होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या संघातली, आणि फेब्रुवारीत तिची विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिची आई वत्सला पाण्याची बाटली घेऊन रेषेजवळ बसली होती. सामन्याआधी चंचल तेजस्विनीजवळ आली. "ताई, मी तुमच्यावर एक तरी गोल मारणार," म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

पूर्वार्धात तेजस्विनीनं निभावलं. उंच चेंडू सोपे होते, तेव्हा एकच दिसत होता. जमिनीलगतचा एक आला, तिनं दोनपैकी वरच्या चेंडूवर हात टाकला आणि चेंडू छातीखाली आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा चेंडू बोटांना लागून खांबावर आदळला. तो केवळ नशिबानं अडला, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

मध्यंतरात ती गोलामागे पाणी पीत होती. श्रीकांत जवळ आले. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळू आवाजात म्हणाले, "मान उजवीकडे थोडी कलती ठेव. तशी ठेवली की एकच दिसते ना?"

तिनं बाटली खाली ठेवली.

"तुम्हाले आईनं सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं. मले पहिल्याच दिवशी दिसलं. तू मान वाकडी करूनच बॉल पाहून राहिली होती."

"मंग बोलले काहून नाही?"

श्रीकांतनी रिकाम्या गोलाकडे पाहिलं. "तुझी नऊ तारीख होऊ दे म्हटलं," ते म्हणाले.

शिट्टी वाजली. ती आत गेली. आता तिची अडचण ठाऊक असणारी दोन माणसं होती आणि त्यातलं एक तिला खेळ म्हणत होतं. तिनं मान कलती केली. खरंच एकच चेंडू दिसला. दहा मिनिटं तिनं तसंच खेळून काढली, एक अवघड चेंडू अडवलाही.

मग मधल्या फळीतून एक लांब पास निघाला. बचावाच्या दोघी मागे पडल्या आणि चंचल एकटी चेंडूमागे धावत आली. तेजस्विनी गोल सोडून पुढे निघाली. जोरात धावताना मान कलती ठेवता येत नाही. मान सरळ झाली आणि गवतावर दोन चेंडू उड्या मारत आले, त्यांच्यामागे चंचलचे चार पाय. वरचा खरा. ती वरच्या चेंडूवर झेपावली.

उभ्यानं शोधलेला नियम धावताना चुकला; तिथं चेंडू नव्हता. तिचा खांदा पूर्ण वेगानं चंचलच्या छातीवर बसला. चंचल हवेत उलटली आणि उजव्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज तेजस्विनीनं ऐकला. चेंडू सावकाश गोलात गेला, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वत्सला धावत आली. चंचल रडत नव्हती, फक्त दात आवळून श्वास घेत होती. "ताईची चूक नाही, आई," ती म्हणाली. "बॉल माह्याजवळ होता, ताई बॉलवरच आल्या."

"होते असं खेळात," मागून कोणीतरी म्हणालं.

दवाखान्यात खांद्याजवळचं हाड तुटल्याचं सांगितलं. दोन जागी. निवड चाचणी विसरायची होती. वत्सला बाहेर बाकावर बसली होती. श्रीकांत तिच्याशेजारी उभे राहून औषधांबद्दल बोलत होते. तेजस्विनी समोर येऊन उभी राहिली.

"काकू, मले दोन दिसतात," ती म्हणाली. "महिना झाला. डोक्याले लागलं तेव्हापासून. आज खेळायला नको होतं मी. मले माहीत होतं."

"तेजू," श्रीकांत म्हणाले.

"बाबालेही माहीत होतं."

वत्सलानं आधी श्रीकांतकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग ती तेजस्विनीकडे वळली. "माह्या पोरीनं तुझा फोटो भिंतीवर लावला आहे," ती म्हणाली. "आता घरी जा तू. मले काही बोलायला लावू नको."

दुसऱ्या दिवशी रजनी तिला नागपूरला घेऊन गेली. डोळा खाली वळवणारी नस दुखावली होती. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिन्यांत भरून येईल, कदाचित नाही येणार. तोपर्यंत चेंडूसमोर उभं राहायचं नाही. तेजस्विनीनं तिथल्या जिन्यात उभं राहूनच क्लबच्या प्रशिक्षक बाईंना फोन केला. तिनं सगळं सांगितलं. "मला डिसेंबरातच सांगायला हवं होतंस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. आठवड्याभरात क्लबनं दुसरी गोलकीपर घेतली.

श्रीकांत त्यानंतर एक दिवसाआड रामाकोन्याला जायला लागले. वत्सला त्यांना घरात घेत नसे. ते ओट्यावर बसत, चंचलची विचारपूस करत आणि परत येत. तेजस्विनीशी ते फुटबॉलवर बोलेनासे झाले.

मे महिन्यात एका सकाळी तिनं पायऱ्यांकडे पाहिलं आणि त्या एकेक होत्या. जूनमध्ये डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. सर्बियातल्याच खालच्या पातळीवरच्या एका क्लबनं चाचणीला बोलावलं. अर्जात दुखापतीच्या रकान्यात तिनं सगळं तारखांसकट लिहिलं, तरी बोलावलं.

जायच्या आदल्या आठवड्यात चंचल स्वतः सौंसरच्या मैदानावर आली. हाड जुळलं होतं. वत्सला पाण्याची बाटली घेऊन कुंपणाजवळ उभी राहिली, आत आली नाही. चंचल चेंडू घेऊन गोलाकडे धावली, तेजस्विनी पुढे निघाली, आणि चार पावलांवर चंचलनं पाय मागे घेतला. चेंडू पुढे घरंगळत गेला.

"परत," तेजस्विनी म्हणाली आणि गोलरेषेवर गेली.

सात वेळा तसंच झालं. आठव्यांदा चंचल थांबली नाही. तिनं डोळे मिटून चेंडू मारला, तो गोलाच्या बराच बाहेर गेला. ती धापा टाकत उभी राहिली.

"उद्या येऊ का, ताई?" तिनं विचारलं.

तेजस्विनीनं कुंपणाकडे पाहिलं. वत्सलानं बाटलीचं झाकण लावलं. "सकाळी सातले आणतो तिले," ती म्हणाली.