नुसतं नाव

कोसुके हे लिहून ठेवणारच नव्हता. चूक एका ओळीची, आणि तीही त्याचीच.

जपानातल्या तामात्सुकुरीच्या गरम झऱ्यांजवळ एक जुनी सराय आहे. तिची वेबसाइट तो बघतो. कोड शिकला तो आपला आपणच, धडपडत. मालकीणबाईंना एक पान हवं होतं: 'आजचं जेवण यांनी केलं.' वाक्य कायमचं, फक्त नावांच्या जागी कोडची ओळ खोचलेली. पान उघडलं की त्या दिवशीची नावं आपोआप उमटतात.

त्याने आधी सगळ्यांच्याच नावाला आदराचं 'सान' जोडलं. मालकीणबाई हसल्या. "अरे, पाहुण्यांसमोर घरच्याच माणसांना अहो-जाहो करतात का? आपल्या माणसाचं नुसतं नाव."

बरोबर होतं. मग त्याने ओळीत अट घातली. कायम नोकरीवाला असेल तर नुसतं नाव, नाहीतर सान.

दुपारी स्वयंपाकघरात सगळे एकाच फोनवर वाकले. पानावर नावं उमटली होती: कात्सुबे, फुकुमा, थुआन-सान.

"बघा, पाहुणे आले," म्हातारा कात्सुबे म्हणाला. "थुआन-सान, तेवढा मुळा किसता का?"

सगळे हसले. थुआनही हसला. आणि धुतलेल्याच शिंपल्या परत धुवायला लागला. व्हिएतनामहून येऊन सहा वर्षं झाली त्याला. ओसाकाच्या एका हॉटेलने नोकरीला बोलावलं होतं, शुक्रवारी उत्तर द्यायचं होतं. हे एकट्या कोसुकेला माहीत.

कोसुके त्याला मागच्या दाराशी घेऊन गेला. "अट चुकली रे माझी. काढतो लगेच."

"चुकली कुठे? माझा करार दर वर्षी नवा होतो. तुझ्या कोडने खरं तेच छापलं."

"ओसाकाला काय सांगणार?"

"कालपर्यंत नाही म्हणणार होतो."

कोसुकेने तिथेच पायरीवर बसून अट पुसली. पान पुन्हा उघडलं. कात्सुबे, फुकुमा, थुआन.

थुआनने बराच वेळ बघितलं. "छान दिसतं. पण कागदावर मी अजून पाहुणाच."

"मग कागदाचं बोलू की. कायम करा म्हणून सांग मालकीणबाईंना."

"मला नाही जमायचं. त्यांच्यासमोर माझं जपानी पळून जातं."

"उद्या सकाळी मी येतो बरोबर. बोलायचं तूच. अडलास तर पुढचं मी बोलेन. आणि नाहीच म्हणाल्या, तर स्टेशनपर्यंत तुझी बॅग मी उचलेन. शब्द देतो."