माझ्या खांबावरची लाल रेघ

मित्रांनो, अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात, बंबांच्या पलीकडे, मी उभी आहे. मी एक म्हातारी मोटार. सुरीखाली भोपळा एकदाच जातो. मी दरवर्षी जाते.

माझी उमेदीची वर्षं नौपाड्यात गेली. एका डॉक्टरांनी मला नवी आणली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पावसापाण्यात मी त्यांना रुग्णांच्या दारी नेलं. पुढे डॉक्टर थकले, मी गंजले. "कुणाच्या तरी कामी येऊ दे," म्हणून त्यांनी मला इथे दिलं. मला बरं वाटलं.

काम असं, की चेपलेल्या गाडीतून माणूस कसा काढायचा ते जवानांनी माझ्यावर शिकायचं. शिकवणारे उत्तम साहेब. जिथे यंत्राची मोठी कात्री लावायची, तिथे माझ्या दोन दारांमधल्या खांबावर वरती, छपराजवळ, त्यांनी लाल रेघ ओढली आणि गाणंच बांधलं:

आधी काच, मागून दार,
लाल रेघ, आरपार!

दर एप्रिलात अग्निशमन सप्ताहाला मांडव उभा राहतो, पाहुणे येतात, मी कापली जाते, टाळ्या पडतात. मग वेल्डर त्याच जागी पातळ पत्रा डकवतो. वर रंग, रंगावर लाल रेघ. पुढच्या वर्षी मी पापडासारखी मोडते. सगळ्यांत चपळ हात सुमितचा. "काय आजी, तयार ना?" म्हणत टपावर थाप मारायचा. ती थाप मला आवडायची.

एके दिवशी शीळ रस्त्यावर, दिवा गावाकडच्या वळणाला अपघात झाला. ती गाडी क्रेनने माझ्या शेजारी आणून ठेवली. निळी, नवीकोरी, तोंड चेपलेली. तिनेच मला सारं सांगितलं.

वर्तकनगरच्या रचनाताई तिच्या मागच्या सीटवर अडकल्या होत्या. पाय दबले होते, पण त्या बोलत होत्या.

"दादा, जपून हां. आमच्या ह्यांनी अजून सीटवरचं प्लास्टिकपण काढलं नाहीये."

सुमित हसला. "ताई, तुम्ही फक्त डोळे मिटा. आत्ता काढतो."

तोंडात गाणं होतंच. निळीच्या खांबावर रेघ नव्हती, पण हाताला जागा पाठ होती.

मित्रांनो, नव्या गाड्यांत छपराजवळ, आतल्या आवरणामागे, दाबून भरलेल्या वायूची नळी असते. धडक बसली की ती एअरबॅग फुगवते. कधी नळी भरलेलीच राहते. म्हणून आधी आवरण सोलून बघायचं, मगच कात्री लावायची. माझ्यात ना आवरण, ना नळी. माझ्यावर ते कोण शिकणार?

कात्रीने नळी चावली. नळी फुटली.

रचनाताईंनी डोळे मिटले होते. ते मिटलेलेच राहिले. सुमितचा डावा डोळा गेला.

इस्पितळातून आल्यावर सुमित निळीजवळ जाऊन बसू लागला. तिचं आवरण त्याने सोललं, एकेक नळी बोटाने चाचपली. एकदा म्हणाला, "साहेब, या वर्षी हिच्यावर शिकवू या. आजीला भंगारात द्या."

"येडा झालास काय? हिचं पोलाद बघितलंस? कापता कापता जेवणाची वेळ होईल. पाहुणे काय उन्हात भाजून घेणार? म्हातारीच बरी रे, हात लावला की उघडते."

"पण साहेब, त्या ताई…"

"त्यांचं नशीब. तू ब्रश घे. हलकं काम दिलंय ना तुला?"

निळीला भंगारवाला घेऊन गेला. सीटवर प्लास्टिक तसंच होतं.

सुमित रंग घेऊन माझ्यापाशी आला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. ब्रश आधी हवेत फिरला, मग मला टेकला. रेघ वाकडी आली. या वेळी टपावर थाप पडली नाही.

मांडव उभा राहिला. नव्या भरतीतल्या संचिताने एका दमात गाणं म्हटलं आणि माझा खांब आडवा केला. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा, आमची मुलगी!" टाळ्या थांबेनात. एकट्या सुमितने वाजवल्या नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी उलटं मागते. मला जपू नका. मला वितळवा, माझे खिळे करा, कढया करा. ज्या गाड्या आज रस्त्यावर धावतात, त्या जवानांच्या कात्रीखाली येऊ द्या. तास लागला तर लागू द्या.

संचिताचे दोन्ही डोळे अजून शाबूत आहेत. आणि उद्या वेल्डर येणार आहे.